स्टिअरिंगमधल्या चिंध्या

शिमग्यात पालखी सहाणेवर, म्हणजे तिच्या दगडी चौथऱ्यावर, बसली की गाऱ्हाणं घालायचा मान आमच्या घराचा. देवासमोर उभं राहून गावाचं मागणं सांगायचं आणि जमलेल्या गावाने प्रत्येक वाक्याला ‘व्हय म्हाराजा!’ म्हणायचं. माझा थोरला भाऊ गाऱ्हाणं घालायला लागला की खाडीपलीकडे ऐकू जायचं. आता दादाच्या घशातून नुसती हवा येते.

दादा गणपतीपुळ्याला पर्यटक नेण्या-आणण्याचं काम करायचा. गाडी जुनी घेतली होती, ती आमच्याच गावातल्या एका काकाकडून. सावर्ड्याला हायवेवर त्याचं जुन्या गाड्यांचं दुकान आहे. पूर्णगडच्या वाटेवर एका टेम्पोला चुकवताना गाडी जांभ्याच्या गडग्यावर, म्हणजे दगडी कुंपणावर, गेली. दादाने पट्टा लावला होता. पण एअरबॅग उघडली नाही आणि स्टिअरिंग गळ्यावर बसलं. स्टिअरिंगवरचं झाकण फुटलं होतं, त्यातून हिरव्या काठाच्या जुन्या साडीच्या चिंध्या लोंबत होत्या. आधीच्या कुठल्यातरी अपघातात बॅग उघडून गेली असणार. नवी बसवण्याऐवजी कुणीतरी चिंध्या कोंबून वर झाकण चिकटवलं होतं, आणि डॅशबोर्डवरचा दिवा काही बोलू नये म्हणून वायरीही फिरवल्या होत्या.

काका म्हणाला, “मी घेतली तशी विकली. मला काय स्वप्न पडलं होतं?”

मी आमच्या घरातला पहिला ग्रॅज्युएट. घरात अर्ज लिहायचे ते मीच. पोलिसांत दिला, वर दिला, सगळे पडून आहेत. मला भरपाईची आस नव्हती. त्याने चारचौघांत कबूल करावं, आणि कबूल करताना त्याची मान खाली जावी, एवढंच मला हवं होतं.

यंदा पालखी यायच्या आधी सहाणेवर माणसं बसली होती. काकाही त्यांच्यात.

“सहा-सहा एअरबॅगा सक्तीच्या करणार म्हणे,” तो हसत म्हणाला. “उद्या मोटरसायकलीलाही लावा म्हणावं! गाडी ज्याची, मर्जी त्याची. नको त्याला नको.”

“व्हय तर,” एक म्हातारा म्हणाला, “माझ्या बैलांना कुठं होती बॅग?”

सगळे हसले. मी विचारलं, “काका, दादा कधी ‘नको’ म्हणाला होता?”

“तू शिकलेला. तुझ्या तोंडी कोण लागणार? देवाच्या दारात ह्या गोष्टी नकोत.”

मर्जीच्या गप्पा मारणारे सगळे असेच. मर्जी विकणाऱ्याची असते आणि गळा चालवणाऱ्याचा. मागच्या सीटवर बसलेल्या पाहुण्याला तर कुणी विचारतही नाही. म्हणून सक्ती हवी, आणि गाडी दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदा विकली जाते तेव्हाही बॅग तपासायची सक्ती हवी. माझं मत स्वच्छ आहे.

पालखी बसली. दादाने नारळ माझ्या हातात दिला. मी पहिल्यांदाच उभा राहिलो.

“बा देवा म्हाराजा, गावात, मुंबईत, दर्यावर जो कोण तुझा असेल त्याला सांभाळ.”

“व्हय म्हाराजा!”

“पोराबाळांना विद्या दे.”

“व्हय म्हाराजा!”

“आणि ज्या कुणी माझ्या भावाच्या गाडीत चिंध्या भरल्या, नाहीतर भरल्यात हे ठाऊक असून ती विकली, त्याच्या दारात गिऱ्हाईक न फिरो म्हाराजा!”

सवयीने सगळा गाव गरजला, “व्हय म्हाराजा!” काकाचे हात जोडलेले होते, पण ओठ मिटलेले. मी तेच वाक्य पुन्हा म्हटलं. गाव पुन्हा बोलला, थोडा हळू, कारण आता सगळे त्याच्याकडे बघत होते. गाऱ्हाण्याला गप्प राहिलेला माणूस आमच्याकडे लपत नाही. त्याचं तोंड उघडलं नाही. मला इतका आनंद झाला की सांगायची लाज वाटायला हवी. वाटत नाही.

आठवडाभरात तो आमच्या पडवीत येऊन बसला. चहा पुढे ठेवला, त्याने हात लावला नाही.

“मागं घे रे गाऱ्हाणं. घालणाऱ्यालाच घेता येतं. गावचं माणूस दुकानाची पायरी चढत नाही.”

“चिंध्या कुणी भरल्या?”

तो जमिनीकडे बघत राहिला. “सगळेच भरतात. नवी बॅग घालून जुनी गाडी परवडते काय?”

“हेच सहाणेवर बोला. गावासमोर.”

“तेवढं सोड. मी तुझ्या बापासारखा ना?”

मी दादाकडे पाहिलं. तो आयुष्यभर सगळ्यांना माफ करत आलेला माणूस. त्याने गळ्याचा रुमाल सोडला, व्रण उघडा केला आणि मान हलवली. नाही.

“तुम्ही सहाणेवर बोलाल त्या दिवशी मी तिथंच मागं घेईन,” मी म्हटलं.

तो उठून गेला. अजून बोललेला नाही. दुकान म्हणे दुपारीच बंद करतो. माझी बायको म्हणते, शिकलेल्या माणसाने एवढं मनात धरू नये. मी धरलंय.