सत्काराच्या दिवशीची हुडहुडी

औशाच्या हॉलमध्ये माझ्या वडिलांचा सत्कार चालला होता आणि ते थरथरत होते. संयोजकांना त्यात गहिवर दिसला. त्यांनी शालीवर शाल घातली.

दादा निवृत्त मुख्याध्यापक. काही दिवस त्यांना लघवीला जळजळ होत होती. ते फक्त आईला ठाऊक होतं आणि तिला गप्प राहायची ताकीद होती. त्या दिवशी तर सकाळपासून त्यांनी पाणीच बंद केलं होतं. आमच्याकडे प्रमुख पाहुणे उशिरा येतात, प्रत्येक वक्ता 'दोनच शब्द' म्हणून उभा राहतो आणि सत्कारमूर्तीनं मधेच मुतारीकडे जाणं शोभत नाही.

माइक हाती आल्यावर दादांनी भाषण केलंच नाही. हजेरी घ्यायला सुरुवात केली. नंबर एक, नंबर दोन. समोर बसलेले, आता नातवंडं असलेले त्यांचे विद्यार्थी 'हजर, सर' म्हणत उठू लागले. हॉल आधी हसला, मग डोळे पुसू लागला.

"सर लई भावुक झाले," शेजारचे गृहस्थ म्हणाले. "आतून रडायलेत."

मी दादांचा श्वास बघत होतो. ते कधीचे खुर्चीत बसून होते आणि धाप मात्र जिना चढून आल्यासारखी लागली होती. मी स्टेजवर गेलो, हात धरला. गारठलेला. त्यांनी माझ्याकडे पाहून अदबीनं विचारलं, "आपण कुणाचे पालक?"

मी त्यांना धरून उठवू लागलो.

"पाहुण्यांचं भाषण तेवढं होऊ द्या की," संयोजक म्हणाले. "अंग गार हाय. ताप न्हाई, काही न्हाई."

क्षणभर मलाही ते पटलं. मग दादांनी मला पुन्हा तोच प्रश्न विचारला.

मी गाडी लातूरच्या हॉस्पिटलकडे काढली. आई मागच्या सीटवर त्यांचं डोकं मांडीवर घेऊन बसली होती. "आवो, काहीतरी बोला की," ती म्हणत राहिली. ते हजेरी पुटपुटत होते. लातूर यायच्या आधी ते पुटपुटणंही थांबलं. मी आरशात बघायचं बंद केलं.

कॅज्युअल्टीतल्या डॉक्टर माझ्या मुलीच्या वयाच्या. त्यांनी दादांचं नख दाबून सोडलं. पांढरं पडलेलं नख पांढरंच राहिलं. तेव्हा आईनं जळजळीचं सांगून टाकलं.

"ताप नाही म्हणून निश्चिंत राहू नका, काका. बीपी फार खाली आहे. लघवीतला जंतुसंसर्ग बहुतेक सगळ्या शरीरात पसरलाय."

तपासणीला रक्त घेतलं, लगेच अँटिबायोटिक गेलं, दोन्ही हातांना सलाइन लागलं. बीपी हलेना, तेव्हा ते वाढवायचं औषध पंपावर सुरू केलं. लघवीची नळी घातली. थोडी गढूळ लघवी आली आणि थांबली.

"किडनी काम करते का, ते आता या पिशवीतच दिसेल," डॉक्टर म्हणाल्या.

मग आई आणि मी खाटेशेजारी उभे राहून त्या पिशवीकडे बघत राहिलो. कुठल्याही मंत्र्याची वाट मी इतक्या श्रद्धेनं पाहिलेली नाही. नळी कोरडीच. आईनं माझं मनगट इतकं आवळलं होतं की बोटं बधिर झाली.

खूप वेळानं नळीत एक पिवळी रेघ सरकली. मग दुसरी.

"चांगलं आहे," डॉक्टर म्हणाल्या. "पण धोका टळलाय असं नाही म्हणणार मी."

आई वाकली. "आवो, मला ओळखलं का?"

दादांनी डोळे किलकिले केले. नजर तिच्यावरून खाली पिशवीकडे गेली.

"ते झाक," ते म्हणाले. "लोक बघायलेत."

आईनं झाकलं नाही. ती बघतच राहिली.