आत्याने घडवलेला भोंगा

माझी आत्या रेडिओ दुरुस्त करायची. दुकान एवढंसं, की गिऱ्हाईक आत आलं तर तिला स्टूल मागे सरकवावं लागे. "हे काय बाईमाणसाचं काम?" म्हणून नाक मुरडणाऱ्यांचे रेडिओसुद्धा शेवटी तिच्याच टेबलावर यायचे.

साठी उलटल्यावर तिच्याकडे एक जुना अ‍ॅनालॉग सिंथेसायझर आला, म्हणजे पेटीसारख्या पट्ट्यांचं, विजेवर हवा तो आवाज घडवणारं यंत्र. एका बँडवाल्याने नवा घेतला आणि हे धूड तिच्या गळ्यात मारलं. आतोबा म्हणाले, "घरात मी एक जुना पुरेसा नव्हतो का?" पण तिने महिनाभर डोकं घालून तो बोलता केला, आणि मग त्याच्या नादीच लागली.

त्यात दोन ऑसिलेटर होते. "सूर जन्मतो तो इथे," ती मला सांगायची. एका बटणाने तो वर-खाली करायचा, दुसऱ्याने त्याचा स्वभाव बदलायचा. एका खुणेवर तो मऊ, दुसरीवर नळीतून आल्यासारखा पोकळ, तिसरीवर करवतीसारखा खरखरीत.

आतोबांनी बत्तीस वर्षं ज्या कारखान्यात काढली, तो पाडून सात वर्षं झाली होती. त्यावर नाटक बसत होतं आणि नाटकवाल्यांना भोंगा हवा होता. रेकॉर्डिंग कुणाकडेच नव्हतं.

"बघते करून," आत्या म्हणाली.

तिने आतोबांना आणि त्यांच्या दोन जुन्या सोबत्यांना बसवलं. एक फिटर, दुसरा काडीसारखा बारीक, म्हणून पैलवान. तिने पट्टी दाबली.

"ही तर चहाची किटली!" फिटर म्हणाला.

तिने सूर एक सप्तक खाली आणला.

"जाडी आली, पण फार गुळगुळीत," पैलवान म्हणाला.

तिने बटण करवतीच्या खुणेवर फिरवलं. दोघांनी माना डोलावल्या. आतोबांची मान मात्र हलली नाही.

"काय कमी आहे? बोला की."

"आपला थरथरायचा गं. आत जणू दोघं भांडताहेत."

आत्या हसली. तिने दुसरा ऑसिलेटर त्याच सुरावर आणला आणि केसभर बाजूला सरकवला. दोन सूर एकमेकांना घासले, आवाज हेलकावे घेऊ लागला.

"फार झालं. जरा कमी... अजून... बस!"

फिटर उभाच राहिला. हात खिशाकडे गेला, गेटवर दाखवायचं कार्ड काढायला. मग ओशाळून खाली बसला. आतोबांनी चष्मा पुसायला घेतला तो बराच वेळ पुसत राहिले.

यंत्र तापलं की सूर सरकायचा, त्यामुळे दर प्रयोगाला आत्याला विंगेत बसून तो जुळवावा लागे. एकेचाळीस प्रयोग झाले. आतोबा प्रत्येकाला हजर. पहिल्या रांगेत बसायचे आणि भोंगा वाजला, की शेजारच्या अनोळखी माणसाला कोपराने ढोसून सांगायचे, "आमच्या हिने केलाय."