उषाबाईची काडीपेटी

माझी धाकटी जाऊ उषाबाई टेंभुर्णीची. लग्न होऊन केदारखेड्याला आली तेव्हापासून सासूच्या तोंडी तिचंच कौतुक. तिची भाकर पातळ, तिचा शब्द मऊ. मी ऐकायची आणि जळायची. खोटं कशाला बोलू?

१९९२ साली दोघा भावांची वाटणी झाली आणि दोन्ही वावरांत एकाच दिवशी मोसंबीची कलमं लागली. मधे फक्त बांध. माझी बाग तिच्याआधी वर आली पाहिजे, एवढंच मी मनात धरलं. ती एक बादली पाणी घालायची तर मी दोन, वर मूठभर युरिया. माझ्या कलमांना लुसलुशीत पालवी फुटली आणि पंधरा दिवसांत अळ्यांनी फस्त केली. नुसत्या काड्या राहिल्या. मी पुन्हा युरिया टाकला, पुन्हा पालवी आली. आता हीपण गेली असती तर कलमंच गेली असती. उषाच्या झाडांना पानं थोडी आणि राठ, पण जागच्या जागी.

आणि ही बाई भर दुपारी बांधावर बसून फुलपाखरं बघायची! मी कपाळाला हात लावला.

एके दिवशी ती माझ्याच ओळीत वाकलेली दिसली. हातात काडीपेटी. अळ्या हिनंच सोडल्या, माझी खात्री झाली. धावत जाऊन मी काडीपेटी हिसकली.

"माझी बाग अळ्यांना खाऊ घालून राह्यलीस व्हय, उषे?"

"न्हाई आक्का. उघडून तर बघा."

आत पानांचे तुकडे, एकेकावर मोहरीएवढं पिवळसर अंडं.

"तुमच्याच झाडावरची हायेत. चार दिवसांपासून वेचून राह्यले. ते काळं-पिवळं फुलपाखरू पानावर पाय आपटून चव घेतं. पान जून लागलं की उडून जातं, कवळं लागलं की अंडं घालतं, पिल्लांना खाता यावं म्हणून. युरियानं तुमची पानं लई कवळी झालीत. जरा हात आखडा."

म्हणजे फुलपाखरांना आवतण मीच धाडलं होतं. मला लाज वाटायला हवी होती. पण आला तो संताप. अक्कल हिलाच, आणि चांगुलपणाही हिचाच!

युरिया मात्र मी बंद केला. तिच्याशी न बोलता तिच्याच शेजारी वाकून अंडी वेचली.

पाच वर्षांनी जालन्याचा व्यापारी बाग बघायला आला. माझ्या झाडांपाशी थबकला. "कोणाची मेहनत ही?"

माझ्या तोंडून तिचं नाव निघेना. बांधापलीकडून उषाच म्हणाली, "आमच्या आक्काची."

तेवढं श्रेयसुद्धा मला तिच्याच हातून घ्यावं लागलं.