सार्जंटकाकांची साठी

ज्याने आजवर यंत्रांच्या चाचणी-अहवालांखेरीज काही लिहिले नाही, त्याने उतारवयात व्यक्तिचित्र लिहायला बसावे हे धाडसच. वाचकांनी सांभाळून घ्यावे. त्यातून ज्यांच्याविषयी लिहितो आहे, त्यांचा मला आजही हेवा वाटतो.

म्हातारे होण्याची इतकी घाई असलेला माणूस मी दुसरा पाहिला नाही. सार्जंटकाका मूळचे साताऱ्याचे. तरुणपणी अमेरिकेत जाऊन तिथल्या सैन्यात भरती झाले आणि निवृत्तीनंतर जर्मनीत डार्मश्टाटला आमच्या खालच्या मजल्यावर राहू लागले. अमेरिकेतील त्यांच्या राज्यात लष्करी निवृत्तिवेतनाला प्राप्तिकरातून वयानुसार सूट मिळे. साठ पूर्ण झाली की ती बरीच वाढे. मग तिकडे भावाशेजारी राहायचे, हे त्यांचे ठरलेले. "तुमचा वाढदिवस म्हणजे केसगळती, माझा म्हणजे बढती!" असे ते मला ऐकवीत. माझे केस खरोखरच गळत होते.

परंतु खरा हेवा निराळाच होता. माझी आठ वर्षांची ईरा माझ्या मराठीला जर्मनमध्ये उत्तर देई. काकांशी मात्र मराठीच. जिन्यात ती दिसली की ते टाचा जुळवून उभे राहत.

"बाईसाहेब, हुकूम?"

"पिशवी उचला! डावीकडे वळा! हसायचं नाही!"

काका मुकाट्याने वळत. वर उभा राहून मी ऐकत असे, आणि त्यांच्या साठीची त्यांच्याहून अधिक आतुरतेने वाट पाहत असे.

तो वाढदिवस आला. खोकी बांधून तयार होती. पत्नीने औक्षण केले.

"साठावं लागलं हो आज!" काका म्हणाले.

"लागलं म्हणजे?" ईराने बोटांवर हिशेब केला. "काका, तुमची एकोणसाठच पूर्ण झाली! साठ पुढच्या वर्षी!"

"अहो, खरंच की!" पत्नी माझ्याकडे पाहून म्हणाली. आपल्याकडच्या सवयीने काका चालू वर्ष मोजत आले होते. त्यांच्या राज्याला मात्र पूर्ण झालेले हवे होते.

काकांनी टाचा जुळवल्या. "मग बाईसाहेब, हुकूम?"

"खोकी सोडा!"

सगळे हसले. मीही हसलो, पण जरा उशिरा.

पुढल्या वर्षी ते खरोखरच गेले. विमानतळावर त्यांनी हुकूम मागितला. ईराने त्यांचीच पिशवी उचलून त्यांच्या हातात दिली. आता दर रविवारी संगणकाच्या पडद्यावरून ती त्यांना अस्खलित मराठीत फर्मावत असते.

काल धीर करून मीही जिन्यात टाचा जुळवून उभा राहिलो. "बाईसाहेब, हुकूम?"

"बाबा, बिट्टे निश्ट," असे जर्मनमध्ये, म्हणजे 'नको ना' म्हणून, विनवून ती पुढे निघून गेली.

वाचकहो, मी आणखी काय करावे?