लसीची सोयरीक

सरळ ‘हो’ किंवा सरळ ‘नाही’ म्हणून मोकळा होणारा माणूस दिसला की ज्यांना त्याची मनापासून कीव येते, असे गृहस्थ साऱ्या परभणी जिल्ह्यात एकच, आणि ते नेमके आमच्या वाट्याला आलेत. ताडकळसचे मामा. हे आईचे चुलतभाऊ. आमच्या घरात त्यांचं नाव कुणी घेत नाही. ‘ताडकळसचा फोन आलाय’ म्हटलं की मी जेवता जेवता हात धुऊन उठतो, कारण तो फोन एका घासात संपणारा नसतो. त्यांनी आयुष्यभर किराणा दुकान चालवलं असं लोक म्हणतात, पण दुकान हा जोडधंदा होता. खरं काम सोयरिकी जुळवण्याचं, आणि तेही फुकट. आसपासच्या गावांत कुठंही दोन्हीकडची वडीलधारी माणसं सतरंजीवर समोरासमोर बसून लग्नाची बैठक करणार असली की मामांना बोलावणं जायचं, आणि मामा आदल्या दिवसापासून टोपी घालून तयार असायचे.

सरळ प्रश्न विचारणं हा त्यांच्या लेखी अडाणीपणा. मुलगा तापट आहे का हे काढायचं असलं तर ते त्याला घरच्या म्हशीबद्दल विचारत. पेडगावच्या एका बैठकीत मुलाच्या बापानं शेती सांगितली, विहिरीचं पाणी सांगितलं, मुलाची नोकरी दोनदा सांगितली. मामा मधेच उठून रांजणाशी गेले, ओंजळभर पाणी प्यायले आणि परत येऊन मुलीच्या बापाच्या कानाला लागले, “घरात चार बाया हायत अन् रांजण तळाला गेलाय. हितं कुणी कुणाचं ऐकत न्हाई.” राणीसावरगावला तर नवऱ्या मुलाला त्यांनी उगाचच मोटारसायकलवरून पान आणायला पिटाळलं. पान त्यांना खायचं नव्हतं. दारात बसलेल्या म्हातारीला तो वळसा घालून जातो की हॉर्न मारून उठवतो, एवढंच बघायचं होतं. माझीही सोयरीक त्यांनीच जुळवली. तेव्हा मुलीकडच्यांना त्यांनी माझ्याबद्दल जे सांगितलं ते माझ्या बायकोला अजून तोंडपाठ आहे: “पोरगा लय हुशार न्हाई, पर उलटून बोलत न्हाई.” पहिल्या वाक्याचे पुरावे ती रोज गोळा करते, दुसऱ्याचा पुरावा मी गप्प राहून देतो.

पण हळूहळू सोयरिकी मोबाइलवर जुळायला लागल्या. मुलीचा फोटो, मुलाचा पगार, दोघांची पत्रिका, सगळं एका बोटावर. कित्येकदा पोरंच एकमेकांना पसंत करून टाकतात आणि आईबापांनी फक्त मंगल कार्यालय बघायचं. मामांना लग्नाचं आमंत्रण येतं, पहिल्या रांगेतली खुर्ची मिळते, खांद्यावर टॉवेलही पडतो, पण बैठकीला कुणी बोलवत नाही. त्यातच मामी गेल्या. मुलगी पुण्यात, मुलगा बेंगळुरूत. दुकानाचा गाळा भाड्यानं गेला आणि मामा मागच्या दोन खोल्यांत एकटे राहू लागले. एकट्या माणसाचे सांधे धरायला काय वेळ लागतो? सकाळी मुठीसुद्धा वळेनात. परभणीच्या डॉक्टरीणबाईंनी तपासून सांगितलं, की अंगातली रोगाशी लढणारी ताकदच उलटून सांध्यांवर चाल करून आली आहे, आणि तिला दाबून ठेवायला स्टिरॉइडची गोळी सुरू केली. ती मग कायमचीच झाली. एवढीशी पांढरी गोळी, पण मामांनी तिला ‘थोरली सून’ करून टाकलं. “आली तवापासून घर चालायलंय,” ते सांगायचे, “पर तोंड लय फटकळ. साखर वाढिवली, चेहरा सुजिवला, रात्रीची झोप खाल्ली.”

गेल्या थंडीत त्यांना न्यूमोनिया झाला आणि परभणीच्या दवाखान्यात आम्ही सगळ्यांनी आळीपाळीनं देव आठवले. घरी सोडताना डॉक्टरीणबाई म्हणाल्या की या गोळीमुळे तुमची ताकद दबलेली आहे, पुढच्या थंडीआधी फ्लूची आणि न्यूमोनियाची अशा दोन लसी टोचून घ्या, पुन्हा असं झालं तर या वयात निभावणं अवघड आहे. साधी गोष्ट. दुसरा कुणी असता तर तिथंच बाही वर केली असती, निदान नकार तरी दिला असता. मामांनी हात जोडले आणि म्हणाले, “चौकशी करून कळवतो.” आणि निघता निघता त्यांनी बाईंचं माहेर कुठलं ते विचारून घेतलं.

मग जी चौकशी सुरू झाली तिला तोड नाही. लस कुठल्या गावची, हे त्यांनी आधी औषधाच्या दुकानात विचारलं. बहुतेक हैदराबादकडची असेल, असं दुकानदार म्हणाला, त्यावर मामा खुलले, म्हणजे आपल्या जुन्या निजामाच्या राज्यातलीच. मग ढोरांच्या डॉक्टरला गाठून बैलांना टोचतात ती आणि माणसांना टोचतात ती, यांच्यात भाऊबंदकी कितपत, हे विचारून घेतलं. कुणीतरी सांगितलं की काही लसींत जिवंत जंतू असतात, काहींत मेलेले, आणि स्टिरॉइडवाल्याला जिवंत चालत नाहीत. हे ऐकल्यावर मला लगेच फोन. “भाचेबुवा, जिवंत नको अन् मेलेलं चालतं, असली सोयरीक म्या जन्मात पाह्यली न्हाई.”

असे फोन सगळ्या नातेवाइकांना जात होते. वेळ ठरलेली, दिवेलागणीची. एक सल्ला पाहिजे होता, अशी सुरुवात. आपण सल्ला द्यायचा, दुसऱ्या दिवशी मामा त्याच्यातली खोट काढून पुन्हा फोन करायचे. पुण्याच्या मुलीचं आधी समजावून, मग रागावून, शेवटी रडून झालं. मुलानं बेंगळुरूहून तीन व्हिडिओ पाठवले, ते इंग्रजीतले निघाले. मीही काही कमी नव्हतो. ऑफिसात बसून मोबाइलवर वाचायचो आणि तज्ज्ञासारखा घसा खाकरून बोलायचो. पण हळूहळू माझ्या लक्षात येऊ लागलं की निर्णयाच्या जवळ आलं की मामांचा आवाज बारीक होतो, आणि नवी शंका सापडली की तो पुन्हा भरतो. माझी बायको एकदा भाकरी थापता थापता म्हणाली, “लस घेतली तर उद्यापासून ते कुणाला काय म्हणून फोन करतील?” मी तो विषय तिथंच बदलला. मला भाकरी पाहिजे होती.

थंडी तोंडावर आली तेव्हा मामांनी जाहीर केलं की आता बैठकच घ्यायची. बाजाराचा दिवस धरला, म्हणजे खेड्यापाड्यांतून माणसं गावात असतातच. ढोरांचे डॉक्टर, औषधवाला, निवृत्त मुख्याध्यापक, दोन जुने व्याही आणि परभणीहून मी, अशांना बोलावणं गेलं. मी एसटीतून उतरून बाजाराच्या गर्दीतून वाट काढत पोचलो, तर मामांच्या बाहेरच्या खोलीत दोन सतरंज्या समोरासमोर अंथरलेल्या. लोड लावलेले. एका बाजूला फोडणीच्या चुरमुऱ्यांची, म्हणजे आमच्याकडच्या सुशीलाची, परात झाकून ठेवलेली, वीस माणसांना पुरेल एवढी. आणि माणूस एकही नाही. ढोरांचे डॉक्टर गाय अडली म्हणून गेलेले. औषधवाल्याला बाजाराच्या दिवशी दुकान सोडवेना. मुख्याध्यापक नांदेडला मुलाकडे. व्याह्यांचे फोनच लागेनात. मामा दारात बसून बाजाराकडे बघत होते. मला म्हणाले, “येतील. बाजार उरकून येतील.”

बराच वेळ आम्ही बाजार उरकण्याची वाट पाहिली. बाहेर कांदेवाले, बांगडीवाले ओरडत होते आणि आत लोड एकमेकांकडे बघत होते. शेवटी मामा म्हणाले, “मुहूर्त टळू नये. तुमी लसीकडून बसा, मी गोळीकडून बसतो.”

आता काय सांगू. मी, साहेबासमोर उभा राहिलो की स्वतःचं नाव विसरणारा माणूस, त्या दिवशी लसीचा बाप होऊन सतरंजीवर मांडी घालून बसलो. मामांनी रीतीप्रमाणे पाऊसपाण्याची चौकशी केली. मी सांगितलं की आमची लस शांत स्वभावाची आहे, फार तर एखादा दिवस दंड दुखेल, अंग कसकसेल. मामांनी मान हलवली. मग मला वाटलं आपणही चार प्रश्न विचारावेत, नाहीतर बैठक एकतर्फी होईल. म्हणून मी विचारलं, “अन् तुमची थोरली सून काय म्हणते? तिची काही हरकत?”

“तिला म्हायेरी पाठिवलं,” मामा म्हणाले.

मला आधी हसू आलं. आमच्याकडे फटकळ सून असली की पाहुणे बघायला यायच्या वेळी तिला चार दिवस माहेरी धाडतात, नको ते बोलून सोयरीक मोडू नये म्हणून. मामांनी असे सल्ले स्वतः कितीतरी घरांना दिलेले. मग अर्थ लागला.

“म्हणजे? गोळी बंद केली?”

“आठवडा झाला. गोळीमुळं लस पुरती लागू पडत न्हाई म्हणं. म्हटलं, नवी मानसं घरी यायलीत, हिनं कामून आडवं यावं?”

तेव्हा कुठं मी त्यांच्याकडे नीट बघितलं. चेहरा मातीसारखा झालेला. परातीतल्या सुशीलाला त्यांनी हात लावला नव्हता, आणि सकाळपासून दोनदा उलटी झाल्याचं त्यांनी शेजाऱ्याचं सांगावं तसं सांगितलं. पाणी आणायला उठले तर भिंत धरावी लागली, आणि भिंतही त्यांना पुरली नाही, खालीच बसले. मी डॉक्टरीणबाईंना फोन लावला. माझं अर्धं वाक्य ऐकूनच त्या म्हणाल्या, एक मिनिट थांबू नका, घेऊन या. बाजारातून कशीबशी एक जीप मिळवली. मामा मागच्या सीटवर माझ्या मांडीवर डोकं ठेवून पडले होते. वाटेत एकदा डोळे उघडून म्हणाले, “परातीवर झाकन ठिवलं का? लोक आले तर?”

सलाइन लागलं, शिरेतून स्टिरॉइड गेलं, आणि दुसऱ्या दिवशी मामा उठून शेजारच्या पेशंटच्या मुलीचं शिक्षण विचारू लागले, तेव्हा आम्ही सुटकेचा निःश्वास टाकला. डॉक्टरीणबाई मात्र हसल्या नाहीत. खुर्ची ओढून बसल्या आणि त्यांनी मामांना फोड करून सांगितलं. इतकी वर्षं गोळी घेतल्यावर शरीर आपलं स्वतःचं तसलं द्रव्य बनवायचं विसरतं, म्हणून ती अशी एकदम तोडली तर जीव जाऊ शकतो. कमी करायची झाली तरी पायरीपायरीनं, आणि मी सांगेन तेव्हाच. या दोन्ही लसी मेलेल्या जंतूंच्या किंवा त्यांच्या तुकड्यांच्या आहेत, त्या गोळी चालू ठेवूनच घ्यायच्या. लस थोडी कमी लागू पडेल कदाचित, पण न घेण्यापेक्षा कितीतरी बरी. जिवंत जंतूंच्या लसी मात्र तुमच्या या डोसवर नकोत, म्हणून कुठंही टोचून घ्यायच्या आधी गोळीचं सांगायचं. मामा लहान पोरासारखे ऐकत होते. मग खाली बघत म्हणाले, “बाई, तुमी म्हनाल तसं. दोघी नांदू द्या एका घरात.” एवढं सरळ उत्तर मी त्यांच्या तोंडून कधीच ऐकलं नव्हतं, आणि मला ते आवडलं नाही.

अंगात पुरती ताकद आल्यावर, थंडी पडायच्या आत, मी त्यांना पुन्हा परभणीला आणलं. एक सुई डाव्या दंडात, एक उजव्या. निमिषात झालं. ज्याच्यासाठी सारा गोतावळा वर्षभर बोलत होता ते बाही खाली करायच्या आत संपलं, आणि मामा जरा गोंधळून सिस्टरकडे बघत राहिले, अजून काहीतरी बाकी असेल म्हणून. सिस्टर म्हणाली, काही त्रास होतो का बघायला अर्धा तास बाहेर बसा. आम्ही बाकावर बसलो. समोरून माणसं जात होती, आणि मामा कुणाचंही गाव विचारत नव्हते.

वेळ झाल्यावर सिस्टर आली, नाडी बघून म्हणाली, आता जा घरी. मी उठलो. मामा उठेनात. त्यांनी सिस्टरला विचारलं, आता पुन्हा यायचं काम नाही ना? ती म्हणाली, न्यूमोनियाचं डॉक्टर सांगतील, पण फ्लूची दरवर्षी घ्यावी लागते आजोबा.

“दरसाल?”

“दरसाल.”

मामांनी टोपी काढली, मांडीवर ठेवली, केसांवरून हात फिरवला. मग इतक्या सहज, जणू हवापाण्याचं बोलावं तसं, माझ्याकडे न बघता म्हणाले, “पुढल्या साली तुमाला रजा मिळंल का, भाचेबुवा?”

मिळेल, म्हटलं. आणि पुन्हा त्यांच्या शेजारी बसलो.