अण्णांची डावी बाजू

अलिबागच्या कोर्टातली कारकुनी संपवून अण्णा, माझे वडील, रेवदंड्याच्या घरी राहायला आले आणि वर्षभरात त्यांना पक्षाघाताचा झटका आला. साठ सालच्या आसपासची गोष्ट. नवऱ्याने टाकल्यापासून मी त्यांच्याकडेच होते. हातपाय महिन्याभरात बरेच सुधारले, पण एक विचित्र गोष्ट राहिली. दोन माणसं भेटायला आली, की अण्णा एकाशीच बोलत. दुसरा जणू आलेलाच नाही.

डॉक्टरांनी त्यांच्या डावीकडे एक बोट हलवलं. "दिसतं," अण्णा म्हणाले. उजवीकडचंही दिसलं. मग डॉक्टरांनी दोन्ही बोटं एकदम हलवली.

"किती?"

"एक. हे, उजवीकडचं."

ओटीवर येऊन डॉक्टर मला म्हणाले, "डोळे ठणठणीत आहेत. दोन वस्तू एकदम समोर आल्या, की मेंदूत त्यांची चढाओढ लागते. आपल्याला ती कळत नाही, दोन्ही दिसतात. यांच्या मेंदूची उजवी बाजू दुखावलीय, त्यामुळे डावीकडची वस्तू हरते. एकटी असली की दिसते."

रविवारी दादा, माझा मोठा भाऊ, मुंबईहून लाँचने रेवसला उतरून घरी आला. मी हे सांगितलं तर त्याला गंमतच वाटली. तो मुद्दाम खाटेच्या उजवीकडे बसला. मी डावीकडे पेजेची वाटी घेऊन उभी होते.

"अण्णा, ही कुठे गेली हो?" त्याने मला डोळा मारला.

"गेली असेल कुठेतरी."

मी नुसती खाकरले असते तरी त्यांनी वळून पाहिलं असतं. पण माझ्यामागे ते काय बोलतात ते मला ऐकायचं होतं.

"सेवा करते ना पण?"

"करील नाही तर जाईल कुठे? नवऱ्याने उगाच नाही टाकली. तिच्या हातचं पाणीसुद्धा कडू लागतं मला. तू मला मुंबईला ने."

दादाचं हसू मावळलं. "बघू," म्हणाला आणि उठला. तो गेल्यावर मी अण्णांना पेज भरवली. गार झाली होती. गरम केली नाही.

पुढच्या महिन्यात दादा यायच्या वेळेला मीच उजवीकडे बसून राहिले. तो आला, मी ओठांवर बोट ठेवलं. पुन्हा तीच गंमत समजून तो हसत डावीकडे बसला.

"अण्णा," मी म्हणाले, "दादाचा निरोप आलाय. तो आता येणार नाही. तुम्हाला मुंबईला न्यावं लागेल म्हणून."

 अण्णा मोठ्याने रडले. त्यांना रडताना मी कधी पाहिलं नव्हतं.

दादा ओरडेल, "अण्णा, मी इथेच आहे" म्हणेल, अशी माझी खात्री होती.  पण तो खाली मान घालून हळूच उठला, चपला हातात घेतल्या आणि निघून गेला. अण्णा असेपर्यंत पुन्हा आला नाही.

अण्णा पुढे दीड वर्ष जगले. रोज विचारायचे, "त्याचं पत्र?" मी नाही म्हणायचे. मला तेव्हा वाईट वाटलं नाही. वाईट वाटायला पुढे बरीच वर्षं लागली.

तेराव्याच्या दिवशी पंगती उठल्यावर दादा माझ्याजवळ आला.

"शेवटी माझी आठवण काढली का गं त्यांनी?"

"नाही," मी म्हणाले.