धाकूदादाचा अर्धा कोपरा

सुई अजून चामड्यातच टोचलेली होती आणि धाकूदादाचं तेरावं उरकलं होतं. भिसेगावातल्या त्याच्या दुकानात मी चामड्याचं काम शिकलो आणि मग त्याच्या बरोबरीनं केलं. तापानं तो बघता बघता गेला. मागे राहिल्या वहिनी, दोन लहान पोरी आणि ही अर्धी बॅग.

बॅग साधी नव्हती. कर्जत स्टेशनातून गाडी घाट चढते. तिथल्या गार्ड लोकांना नव्या बॅगा हव्या होत्या आणि रेल्वेच्या स्टोअरबाबूंनी नमुना मागितला होता. नमुना पास झाला तर काम दादाच्या घरी, नाही तर मुंबईला. मी स्टोअरबाबूंकडे मुदत मागायला गेलो. ते म्हणाले, वाईट झालं, पण शनिवारी बॅग टेबलावर दिसली पाहिजे.

आमच्यात एक रीत आहे. एका बॅगेवर एकच हात. शिवणारा मध्येच गेला तर ते काम सुईसकट उल्हास नदीत सोडायचं. दुसऱ्यानं त्यात भोकं पाडायला आरी घालायची नाही. मी वहिनींना तसं सांगितलं. त्या चूल सारवत होत्या.

“भावजी, नदीला पोट नाय,” त्या म्हणाल्या. “पोरींना हाय.”

मी कामाला बसलो.

बॅगेच्या पुढच्या आणि मागच्या भागांमध्ये एक लांब पट्टी असते. एका बाजूनं खाली येते, तळावरून जाते आणि दुसऱ्या बाजूनं वर चढते. साहेब लोक तिला गसेट म्हणतात. तिच्यामुळे बॅगेत सामान मावतं. खरी परीक्षा तळाच्या दोन कोपऱ्यांत असते, कारण तिथं पट्टी वळते. जाड ठेवली तर चुण्या पडतात, फार तासली तर फाटते. म्हणून आतून रापीनं बेतानं तासायची, ओली करायची आणि लाकडी ठोकळ्यावर ठोकून वळवायची. शिवण तळाच्या मध्यापासून धरायची आणि दोन्हीकडे वर न्यायची, म्हणजे जास्तीची पट्टी तोंडाशी कापता येते. दादानं एक बाजू पुरी केली होती. दुसऱ्या कोपऱ्याच्या निम्म्यात तो उठला, तो आडवाच झाला.

उरलेला कोपरा मी शिवला आणि बॅग दाराकडे तोंड करून फळीवर ठेवली. सकाळी पाहतो तर तिचं तोंड दादाच्या बसायच्या जागेकडे. त्याची घोंगडी अजून तिथंच होती. घराकडच्या आतल्या दाराला दुकानाच्या बाजूनं कडी होती, बाहेरून कुलूप होतं आणि किल्ली माझ्या करगोट्याला. उंदीर असेल म्हटलं. पण कोपरा फळीवरून उचलला गेला होता आणि तळाला पीळ बसला होता. माझे टाके उसवून मी पुन्हा शिवलं. दुसऱ्या सकाळी परत तेच. मी घाबरलो, त्यात लपवण्यासारखं काही नाही.

पुन्हा उसवताना बॅग उजेडात धरली तेव्हा कळलं. दादा डावखुरा. त्याच्या आरीची भोकं एकीकडे कलायची, माझी दुसरीकडे. आजवर एका बॅगेत आमचे टाके कधी एकत्र आलेच नव्हते. इथं ते कोपऱ्यात समोरासमोर आले आणि ओली पट्टी सुकताना पिळवटत होती. कारण सापडलं तसा जीव थाऱ्यावर आला. बॅग दोन्ही वेळा त्याच्याच जागेकडे का वळली, हे मात्र त्या कारणात बसत नव्हतं.

मी आरी डाव्या हातात घेतली. डावखुऱ्याला उजेड उजवीकडून लागतो, आणि तसा उजेड दुकानात दादाच्या घोंगडीवरच पडायचा. भर दुपारी तिथं जाऊन बसलो. पहिले टाके वाकडे गेले. मग हात चालायला लागला, जन्मभराची सवय असल्यासारखा. दोरा ओढताना दादा नाकातून हुंकार द्यायचा. तो हुंकार ऐकला आणि दचकलो. माझ्याच नाकातून आला होता. तरी हात थांबेना. दादाचा टाका कुठं संपला आणि माझा कुठं लागला, ते मलाच सापडेना.

माझी पाठ आतल्या दाराकडे होती. वहिनी मागून आल्या, पाण्याचा तांब्या ठेवला आणि म्हणाल्या, “अवो, उठा आता. भाकरी निवतीय.”

मी मान वळवली. त्या भिंतीला टेकल्या आणि पदर तोंडात धरला. मग त्यांनी विचारलं, “भावजी, ते गेले का अजून हितंच हायत?”

मी वळून पुढचा टाका घातला, डाव्याच हातानं.

शनिवारी स्टोअरबाबूंनी बॅगेत लोखंडी बोल्ट भरले आणि ती नेमकी त्या कोपऱ्यावर आपटली. एक टाकाही हलला नाही.

“कुणी शिवली?” त्यांनी विचारलं.

“धाकूदादानं,” मी म्हणालो.

काम घरी आलं. पोरी त्यावर वाढल्या, त्यांची लग्नंही झाली. रीत मोडल्याचा मला पस्तावा नाही. शिकायला येणाऱ्यांना मात्र सांगतो, दुसऱ्याचं अर्धं काम हातात घ्याल तर त्याचा हातही घ्यावा लागेल, आणि तो परत करता येत नाही. माझं बाकी सगळं काम उजव्या हाताचं. तळाचा कोपरा आला की आरी आपोआप डाव्या हातात जाते.

वहिनी होत्या तोवर त्यांना हे बरोबर कळायचं. मी कोपऱ्याशी आलो की त्या हातातलं काम टाकून दुकानाच्या दाराशी येऊन बसायच्या आणि दिवसभरातलं हळू आवाजात सांगायच्या. माझ्याशी बोलत नसत, म्हणून मी कधी मान वर केली नाही.